कॉम्पॅक्ट सेडानचं कोणतं व्हेरिएंट घ्यावं? दुसरं, तिसरं की थेट टॉप

प्रश्न थोडक्यात असा: गाडी ठरली आहे, पेट्रोल कॉम्पॅक्ट सेडान. अडलंय ते व्हेरिएंटपाशी. एकूण चार आहेत. बेस नको हे घरात सगळ्यांना मान्य आहे, पण पुढे दुसरं, तिसरं की टॉप यावर एकमत होत नाही. गाडी नवरा-बायको दोघं चालवणार, एकाची उंची सहा फूट, दुसरीची पाच फूट. सोबत आई असणार, त्यांचे गुडघे दुखतात. रोज शहरात चालवणं, अधूनमधून लांबचा आणि बऱ्याचदा रात्रीचा प्रवास. गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची आहे. ब्रोशरमधले तक्ते वाचून डोकं गरगरतंय, तर नेमकं काय बघायचं?

मी आधी वर्कशॉपमध्ये होतो आणि आता वापरलेल्या गाड्या घेण्याआधी लोकांना तपासून देतो. त्यामुळे एकाच मॉडेलचं बेस आणि टॉप सात-आठ वर्षांनी कोणत्या अवस्थेत असतं, त्यातलं काय धड चालतंय आणि काय कधीच बंद पडलंय, हे रोजच्या पाहण्यात आहे. त्या अनुभवावरून सांगतो.

ब्रोशरचा तक्ता वरून खाली वाचू नका. त्यात सहा एअरबॅग आणि क्रोमचं दार-हँडल यांना सारखीच एक ओळ आणि सारखीच एक टिकमार्क मिळते. ज्याच्या टिकमार्क जास्त ते व्हेरिएंट भारी, असं वाटायला लागतं. त्याऐवजी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे मला नंतर बाहेरून बसवून घेता येईल का? येत असेल तर त्यासाठी वरचं व्हेरिएंट घ्यायची गरज नाही. येत नसेल, तर ते आत्ताच ठरवायला हवं, कारण पुढची दहा वर्षं गाडी तशीच राहणार आहे.

या कसोटीवर पहिल्या येतात एअरबॅग. पुढच्या दोन आता बहुतेक ठिकाणी सगळ्याच व्हेरिएंटना असतात. फरक पडतो तो सीटच्या कडेतल्या साइड एअरबॅग आणि छताच्या कडेने बसवलेल्या कर्टन एअरबॅगमध्ये. एअरबॅग म्हणजे नुसती फुगणारी पिशवी नव्हे. तिच्यामागे दारातले आणि खांबातले सेन्सर असतात, कंट्रोल युनिट असतं, सीटबेल्ट क्षणात आवळणारा प्रीटेन्शनर असतो, आणि कोणत्या धक्क्याला किती मिलिसेकंदांत उघडायचं याचं त्याच मॉडेलसाठी बसवलेलं गणित असतं. हे कुठल्याही गॅरेजमध्ये मागाहून बसत नाही. आई मागे बसणार असतील तर त्यांच्या कामाची आहे कर्टन एअरबॅग, कारण बाजूने धडक बसली की मागच्या माणसाच्या डोक्याला तोच आधार असतो. त्याच ओळीजवळ आणखी एक गोष्ट शोधा, जी सेल्समन स्वतःहून सांगत नाही: मागच्या सीटबेल्टना प्रीटेन्शनर आणि लोड लिमिटर (म्हणजे धडकेत पट्ट्याचा छातीवरचा दाब मर्यादेत ठेवणारी सोय) आहेत का, आणि मधल्या सीटला तीन टोकांचा पट्टा आहे की फक्त कमरेचा.

दुसरी गोष्ट ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल. एबीएस ब्रेक लावताना चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. ईएससी त्याच्या पुढे जातं. स्टिअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठे चाललीय, हे ते सतत ताडून पाहतं. दोन्ही जुळेनासं झालं की नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावून गाडीचं तोंड पुन्हा सरळ करतं. ओल्या वळणावर हे जे करतं ते कितीही मुरलेल्या ड्रायव्हरला जमणार नाही, कारण त्याच्या पायाखाली पेडल एकच असतं आणि चाकं चार. १९९५ मध्ये ते मर्सिडीझ-बेंझच्या एस-क्लास मालिकेत आलं. तेव्हा ती महागड्या गाड्यांची चैन होती. पुढे अमेरिकेने २०१२ च्या मॉडेल वर्षापासून आणि युरोपियन युनियनने नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं केलं. तुम्ही पाहत असलेल्या दुसऱ्या व्हेरिएंटला ते नसेल, तर माझ्या लेखी ते व्हेरिएंट तिथेच बाद. बाकीची यादी वाचूही नका.

इथेच एक सावधगिरी. एकाच नावाची गाडी वेगवेगळ्या देशांत वेगळी असते. कायद्याने जे सक्तीचं ते बेसलाही मिळतं, जे सक्तीचं नाही ते कंपनी वरच्या व्हेरिएंटसाठी राखून ठेवते. अमेरिकेत मे २०१८ पासून प्रत्येक नव्या गाडीला रिव्हर्स कॅमेरा लागतो, म्हणून तिथल्या बेसलाही तो असतो. युरोपात जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक लागतो. तेव्हा परदेशातला व्हिडिओ पाहून ‘हे तर बेसलाच आहे’ असं गृहीत धरू नका. तुमच्या देशातलं, तुमच्या मॉडेल वर्षाचं ब्रोशर काढा आणि तेच वाचा.

स्टार रेटिंगचंही तसंच. पाच स्टार मिळाले म्हणतात, पण कोणत्या व्हेरिएंटला? युरो एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी घेणाऱ्या युरोपातल्या संस्थेने २०१६ पासून काही गाड्यांना दोन रेटिंग द्यायला सुरुवात केली: एक सगळ्या गाड्यांना मिळणाऱ्या उपकरणांवर आणि दुसरं वरून पैसे भरून घेतलेल्या सेफ्टी पॅकसकट. चाचणीच्या अहवालात कोणती गाडी तपासली आणि तिला किती एअरबॅग होत्या हे लिहिलेलं असतं. अहवाल उघडून ती एक ओळ वाचली की पुरे.

आता हेडलाइट. लोक यावर सर्वांत कमी विचार करतात. तुम्ही रात्रीचा प्रवास करणार आहात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एकाच गाडीच्या दोन व्हेरिएंटमध्ये हेडलाइटचा फरक इतका असू शकतो की रात्री ती दोन वेगळी मॉडेल वाटावीत. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०१६ मध्ये हेडलाइटना गुण द्यायला सुरुवात केली. पहिल्या फेरीत मध्यम आकाराच्या गाड्यांपैकी फक्त टोयोटा प्रियस व्ही या एकाच गाडीला ‘चांगला’ शेरा मिळाला, आणि तोही फक्त सर्वांत वरच्या व्हेरिएंटच्या एलईडी हेडलाइट आणि आपोआप बदलणाऱ्या हाय बीमसकट. त्याच गाडीच्या साध्या हॅलोजन हेडलाइटना सर्वांत खालचा शेरा मिळाला. गाडी एक, नाव एक, पण रात्री रस्ता दिसण्यात जमीन-अस्मानाचा फरक.

म्हणून ‘एलईडी’ हा शब्द ब्रोशरमध्ये दिसला की तो कशाला लागलाय ते बघा. बऱ्याचदा डीआरएल एलईडी असतात, म्हणजे दिवसा दिसणारी ती पांढरी रेघ, आणि खरा हेडलाइट हॅलोजनच असतो. काही ठिकाणी लो बीम एलईडी आणि हाय बीम हॅलोजन असतो. आणि हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये बाहेरचा एलईडी बल्ब टाकून हा फरक भरून निघत नाही. रिफ्लेक्टरचा आकार हॅलोजनच्या बारीक तारेच्या जागेवर बेतलेला असतो. तिथे वेगळ्या आकाराचा दिवा बसवला की उजेड विखुरतो, समोरच्याच्या डोळ्यांवर जातो आणि तुम्हाला मात्र गाडीपुढचे चार हात लख्ख आणि त्यापलीकडे अंधार असं दिसतं. शोरूमवाल्याला सांगून अंधार पडल्यावर दोन्ही व्हेरिएंट भिंतीसमोर उभी करून पाहा. उजेडाची वरची कड सरळ आणि स्पष्ट कापलेली दिसते का, दोन्ही बाजूंना कितपत पसरतो, हे उघड्या डोळ्यांना कळतं. एलईडीची उणी बाजूही सांगतो: हॅलोजनचा बल्ब गेला तर नवा बल्ब टाकून काम भागतं, एलईडी गेला तर अनेक मॉडेलमध्ये पूर्ण हेडलाइट बदलावा लागतो. तरीही रात्री गाडी चालवणाऱ्याने एलईडीच घ्यावा असं माझं मत आहे.

टायर-रिमकडे येऊ. इथे मात्र वरचं व्हेरिएंट घेऊन माणूस बहुतेक वेळा काहीतरी गमावतो. या वर्गातल्या गाड्यांना साधारण तीन साइझ दिसतात: १९५/६५ आर१५, २०५/५५ आर१६ आणि २२५/४० आर१८. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंची टायरच्या बाजूच्या भिंतीला आहे तो, आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत. हिशेब करून पाहा. पहिल्या टायरची भिंत १२७ मिमी, दुसऱ्याची ११३, तिसऱ्याची फक्त ९०. बाहेरून मोजलं तर तिन्हींचा व्यास ६३-६४ सेंटीमीटरच्या आसपास सारखाच. म्हणजे रिम मोठं झालं ते टायरमधली हवेची जागा खाऊन. खड्ड्याचा पहिला धक्का सस्पेन्शनच्या आधी हीच हवा झेलते. ती कमी झाली की धक्का केबिनमध्ये येतो, रिमला बाक येतो, टायरच्या बाजूला फुगा येतो. आठ वर्षांच्या टॉप व्हेरिएंटखाली वाकून पाहताना कडा खरवडलेली किंवा ठोकून सरळ केलेली रिमं मला नेहमीची आहेत, तर १५ इंची स्टीलच्या रिमांवरची गाडी त्याच रस्त्यांवर धडधाकट असते. शिवाय मोठ्या साइझचा टायर महाग, दुकानात पटकन मिळेलच असं नाही, आणि रुंद टायरला पेट्रोलही थोडं जास्त लागतं. त्याच्या बदल्यात वळणावर गाडी जास्त घट्ट वाटते हे खरं, पण गुडघे दुखणारी व्यक्ती सोबत असताना मी १५ किंवा १६ इंचीच घेईन. टॉप घ्यायचंच असेल तर त्याला लहान रिम कंपनीकडून लावून मिळते का ते विचारा. काही मॉडेलमध्ये बसते, काहींत टॉपचे ब्रेक मोठे असल्याने बसत नाही. आणि डिकीचं झाकण उचलून स्टेपनी बघा. मोठी रिमं आली की पूर्ण साइझची स्टेपनी जाऊन तिथे बारीक तात्पुरतं चाक किंवा नुसतं पंक्चर किट येणं अगदी सर्रास आहे.

तुमच्या दोघांच्या उंचीत फुटाचा फरक आहे, तेव्हा ड्रायव्हरची सीट वर-खाली होते का आणि स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं की पुढे-मागेही होतं, हे तक्त्यात नक्की शोधा. खालच्या व्हेरिएंटमध्ये स्टिअरिंग पुढे-मागे होत नाही असं पुष्कळदा दिसतं. मग पाच फुटी व्यक्ती पेडलपर्यंत पाय पोचावा म्हणून सीट पुढे ओढते आणि एअरबॅगच्या अगदी जवळ बसते. छाती आणि स्टिअरिंगच्या मध्यात निदान २५ सेंटीमीटर अंतर हवं. हेही मागाहून बसवता येत नाही, आणि याचा उपयोग रोज, प्रत्येक वेळी गाडीत बसताना होतो. सहा फुटी व्यक्तीने उलट बाजू तपासावी: सनरूफ असलेल्या व्हेरिएंटमध्ये छत आतून दोन-चार सेंटीमीटर खाली येतं. मागच्या सीटवरही बसून पाहा, डोकं कुठे लागतं ते.

आईंबद्दल स्पष्ट सांगायला हवं. सेडान मुळात खाली बसते आणि ते कोणतंही व्हेरिएंट घेतलं तरी बदलत नाही. मागच्या सीटवर उतरत बसायचं आणि उठताना गुडघ्यांवर जोर देऊन बाहेर यायचं, हा त्रास राहणारच. पण पुढच्या डाव्या-उजव्या दोन्ही सीटना उंचीचा लिव्हर असेल तर आईंना पुढे बसवून सीट वर घेता येते आणि उठणं बरंच सोपं होतं. ड्रायव्हरशेजारच्या सीटला हा लिव्हर पुष्कळ मॉडेलमध्ये फक्त टॉपला असतो किंवा कुठेच नसतो. ही ओळ ब्रोशरमध्ये बारीक अक्षरात असते. तुमच्या घरासाठी मात्र ती सनरूफपेक्षा मोलाची आहे. टेस्ट ड्राइव्हला आईंना घेऊन जा आणि त्यांना निदान तीनदा चढ-उतार करायला सांगा.

ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणांपैकी दोन मला मनापासून पटतात. एक आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक आणि दुसरी आरशात न दिसणारी गाडी दाखवणारी ब्लाइंड स्पॉटची सूचना. लेन धरून ठेवणारी यंत्रणा रस्त्यावरचे पट्टे धड रंगवलेले असतील तरच कामाची. अडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीशी अंतर राखून वेग आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा, घेताना एक विचारा: पुढची गाडी थांबली तर ही पूर्ण थांबते, की ठरावीक वेगाखाली काम सोडून देते? दोन्ही प्रकार एकाच नावाने विकले जातात. याचा खर्चही लक्षात असू द्या. कॅमेरा पुढच्या काचेच्या मागे असतो, त्यामुळे काच फुटली तर नवी काच बसवून भागत नाही, कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नेम धरण्याची जुळणी, पुन्हा करून घ्यावं लागतं. ब्लाइंड स्पॉटचे रडार मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत असतात, म्हणजे पार्किंगमध्ये जिथे ठोकर बसते नेमके तिथेच. एवढं असूनही तो ब्रेक मी घेईन.

स्क्रीनबद्दल फार लिहीत नाही. मोठी स्क्रीन दिसायला छान असते, पण आठ वर्षांनी तीच सर्वांत जुनाट दिसते. फोन जोडता येतो ना, मग आठ इंची काय नि बारा इंची काय. फक्त एक बघा: टॉपमध्ये एसीची गोल बटणं काढून सगळं टचवर टाकलंय का? चालत्या गाडीत नजर न हलवता हाताला सापडणारं बटण फार मोलाचं असतं. युरो एनकॅपनेही २०२६ पासूनच्या गुणपद्धतीत इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हॅझर्ड अशा कामांसाठी खरी बटणं असण्याला महत्त्व दिलं आहे. सनरूफ ज्यांना आवडतं त्यांनी जरूर घ्यावं, पण त्याच्या कोपऱ्यांतल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या वेळोवेळी साफ करायला हव्यात. त्या तुंबल्या की पाणी छताच्या कापडातून आत येतं आणि कार्पेटखाली साचतं. वायरिंगचे कपलर तिथेच असतात.

तक्त्याच्या शेवटच्या पानावरचा यांत्रिक भागही वाचा, तो कोणी वाचत नाही. कधी कधी व्हेरिएंटसोबत सस्पेन्शनच बदलतं. ह्युंदाई एलांट्राच्या २०२० मध्ये आलेल्या पिढीत अमेरिकेत साध्या व्हेरिएंटना मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं एकाच आडव्या दांडीने जोडलेली) होता, तर हायब्रिड आणि एन लाइन या स्पोर्टी व्हेरिएंटला मल्टिलिंक (प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारं). फोक्सवागन जेट्टाच्या सातव्या पिढीतही साध्या गाडीला टॉर्शन बीम आणि जीएलआय या स्पोर्टी व्हेरिएंटला मल्टिलिंक. खराब रस्त्यावर मागे बसणाऱ्याला हा फरक जाणवू शकतो. गिअरबॉक्सही तसाच: ऑटोमॅटिक हवा असेल तर काही कंपन्या तो ठरावीक व्हेरिएंटपासूनच देतात, मग निवड तिथेच अर्धी होते. मागे डिस्क ब्रेक की ड्रम, यासाठी मात्र वरचं व्हेरिएंट घेऊ नका. ब्रेकचा बराचसा जोर पुढच्या चाकांवर असतो आणि या वजनाच्या गाडीला मागचे ड्रम रोजच्या वापरात पुरतात.

आता हिशेब. दुसऱ्या आणि तिसऱ्या व्हेरिएंटच्या किमतीतला फरक कागदावर लिहा. तिसऱ्यात जास्तीचं काय मिळतं त्याची यादी खाली लिहा. रिव्हर्स कॅमेरा, सीट कव्हर, स्पीकर, अलॉय अशा बाहेरून बसणाऱ्या गोष्टींची बाहेरची किंमत त्यातून वजा करा. उरलेली रक्कम तुम्ही फक्त फॅक्टरीतच बसणाऱ्या गोष्टींसाठी मोजताय. तिच्यासमोर एअरबॅग, हेडलाइट, स्टिअरिंगची सोय अशी नावं असतील तर पैसे योग्य जागी जातायत. मग तिसऱ्या आणि टॉपमधल्या फरकाचं असंच करा. वापरलेल्या गाडीच्या बाजारात वरच्या व्हेरिएंटला जास्त भाव मिळतो खरा, पण सुरुवातीला मोजलेला फरक जुनी होताना आक्रसत जातो. आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तर रीसेलचा विचार करून टॉप घेऊ नका.

तुमच्यासाठी माझा कौल तिसऱ्याला, जर त्यात ईएससी, कर्टन एअरबॅग, खरा एलईडी हेडलाइट, दोन्ही दिशांनी हलणारं स्टिअरिंग आणि १६ इंचांपर्यंतचं रिम असेल तर. यातलं सगळं दुसऱ्यातच मिळत असेल तर दुसरं घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर आणि विमा घ्या. आपत्कालीन ब्रेक किंवा आईंच्या सीटचा लिव्हर फक्त टॉपला असेल आणि पैसे ओढाताण न होता जमत असतील, तर टॉपही चुकीचं नाही. मात्र रिमांचं आधी विचारून ठेवा.

आणि गाडी ताब्यात घेताना ब्रोशरवर नाही, गाडीवर बघा. साइड एअरबॅग असेल तर पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेला ‘एअरबॅग’ लिहिलेलं लेबल शिवलेलं असतं. कर्टन असेल तर दाराजवळच्या खांबाच्या आतल्या कव्हरवर तसा शिक्का असतो. इग्निशन चालू केल्यावर घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चिन्ह क्षणभर पेटून विझलं पाहिजे, ते ईएससीचं. टायरची साइझ त्याच्या भिंतीवर कोरलेली असते, ती ठरलेल्या साइझशी पडताळा, चारही चाकांवर आणि स्टेपनीवर. काही जुळत नसेल तर सही करण्याआधीच सांगा.